हाताला लागलेला भात

श्राद्धात तीन पिंड देऊन झाले की कर्त्याच्या तळहाताला थोडा भात चिकटून राहतो. तो लगेच धुवायचा नसतो. पिंडांखाली अंथरलेल्या दर्भांच्या मुळाशी हात पुसायचा असतो. तीन पिंड वडील, आजोबा आणि पणजोबा यांचे. दर्भाला पुसलेला भात त्यांच्या वरच्या तीन पिढ्यांचा. धर्मशास्त्रात या वरच्या तिघांना लेपभागी म्हणतात. पहिल्या तिघांना नाव-गोत्र घेऊन बोलावले जाते आणि वसू, रुद्र, आदित्य यांच्या रूपात पाहिले जाते. लेपभागींना नावाने कुणी हाक मारत नाही. घरात माणूस गेला की सपिंडीकरणात त्याचा पिंड त्याच्या बाप-आजा-पणजांच्या पिंडांत मिसळतात. त्या क्षणी तो पितर होतो, त्याच्या मुलाचा खापरपणजा नावांच्या रांगेतून एक पायरी मागे सरतो, आणि यापुढे त्याचा वाटा हाताला लागलेल्या भातापुरता उरतो.

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात आज पन्नाशीत असलेल्या माणसाने पिढ्या मोजल्या तर पणजोबाचा जन्म 1885 ते 1890 च्या आसपास येतो, खापरपणजोबाचा 1860 च्या आगेमागे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातले घर नेमके त्या रेषेवर उभे आहे, जिथे नावे संपतात आणि लेप सुरू होतो. त्या घराचा इतिहास शोधू म्हटले की इतिहासाच्याही आधी एक धर्माचा प्रश्न पुढे येतो. ज्यांचे नाव विसरायला विधीनेच मुभा दिली, त्यांचे आपण काय लागतो? आणि काही लागत असू, तर त्यांचे देणे कशाने फिटते?

तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे म्हटले आहे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. मूळ वचन ब्राह्मणापुरते आहे, पण पुढे ते सगळ्यांनाच लागू मानले गेले. पितृऋणाची फेड वंश पुढे चालवण्यात आहे. पूर्वजांचा वृत्तांत लिहून ठेवण्याचा उल्लेख तिथे नाही. वंश चालावा ही धर्माची निकड होती, चरित्र कळावे ही नव्हती. मराठवाड्यातल्या शेतकरी घराण्यांची वंशावळ सहसा तीन-चार नावांवर येऊन थांबते, त्यामागे अक्षरओळखीचा अभाव आहेच, पण हा विचारही आहे.

घराची वस्तुस्थिती आधी पाहू. मुलूख निजामाचा. नांदेड हा जिल्हा. उदगीर, अहमदपूर 1956 पर्यंत बीदरकडे. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादकडे. शेतकऱ्याचे बरे घर म्हणजे माळवदाचे: जाड मातीच्या भिंती, शिरताना ढेलज, आत बळद, अंगणात किंवा गावठाणात ज्वारीचे पेव, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत देवळी. पहिला सालारजंग 1853 ते 1883 दिवाण होता. त्याच्या काळात जिल्हे आखले गेले, महसुलाची घडी बसली आणि गावोगाव कागद वाढला. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी असत. पटवारी मोडीत मराठी लिही. वरच्या कचेरीचा व्यवहार आधी फारसीत चाले आणि 1880 च्या दशकात उर्दूवर आला. साल फसली: इसवी सनातून साधारण 590 वजा केले की फसली निघते, म्हणून 1290 फसली म्हणजे 1880-81. एका घराचा मागोवा घ्यायला दोन लिप्या, तीन भाषा आणि एक वेगळे पंचांग लागते. अशा कागदांतून दख्खनचा इतिहास बाहेर काढणारे सेतुमाधवराव पगडी निलंग्यात जन्मले, हे या भागाला भूषण आहे.

या कागदांत वंशावळ सापडते ती मुख्यतः वतनाच्या विरासतीत. वतनदार मेला की वारस कोण हे ठरवावे लागे. मग मूळ पुरुषापासून खाली शाखा काढल्या जात: कोण निपुत्रिक गेला, कोण दत्तक गेला, कुणाची विधवा हयात आहे. पाटील-देशमुखांच्या घरी मोडीतले असे कागद तांबड्या फडक्यात बांधलेले असत. ज्याला वतन नव्हते त्या कुळाची, सालगड्याची, अलुतेदाराची वंशावळ काढायचे कुणाला कारण पडले नाही. महारा-मांगांची घरे कागदावर येतात ती गावकीच्या कामापुरती, नुसते नाव आणि पुढे जात लावून. कागदाने पूर्वज राखले ते जमिनीच्या हक्कासाठी. ज्यांना हक्क नव्हता त्यांचे पूर्वजही कागदाने राखले नाहीत. मराठवाड्यातल्या कोणत्याही घराण्याचा इतिहास लिहिताना हा अन्याय पहिल्या पानावर मांडून ठेवायला हवा, कारण ‘आमची वंशावळ दहा पिढ्यांची आहे’ या अभिमानाच्या वाक्यातला मोठा वाटा वतनाचा असतो.

दुसरी नोंद क्षेत्रोपाध्यायांची. गोदावरीचे नाभिस्थान म्हणून नांदेडची ख्याती आहे, त्यामुळे अस्थी सोडायला दूर जायची गरज नसे. पण ऐपत आणि सवड असलेले लोक त्र्यंबकेश्वर-नाशिकला, क्वचित काशी-प्रयाग-गयेलाही जात. मनमाडहून नांदेडवरून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग शतक संपता संपता, 1900 च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी हा प्रवास बैलगाडीने किंवा पायी होई आणि त्यात महिने जात. क्षेत्रावर उपाध्याय लांबट वही उघडी, गाव आणि कूळ विचारी, जुने पान काढून आधी कोण येऊन गेले ते वाचून दाखवी, आणि नवी नावे चढवी. आलेल्या माणसाला आपल्या आजोबाचे नाव परक्या गावात, परक्याच्या तोंडून ऐकू येई. सही येत असेल तर तो करी, नाहीतर निशाणी. सोबत बायको, आई, भाऊ, भावजय जी माणसे आली असतील त्यांचीही नावे पडत. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेच काम हेळवी घरोघर फिरून करत: बैलावर बसून यायचे, यजमानाचे कूळ तोंडपाठ म्हणायचे, धान्य घ्यायचे. किनवट-माहूरकडच्या बंजारा तांड्यांत ते भाटांकडे होते.

खुद्द घरात मात्र पूर्वज देवघरातच सापडतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले टाक तिथे मांडलेले असतात. एकावर तुळजाभवानी, एकावर घोड्यावरचा खंडोबा, लोहा-कंधारकडे तो बहुधा माळेगावचा. त्यांच्याच ओळीत आणखी एखादा छोटा टाक असतो, त्यावर हातात शस्त्र घेतलेला पुरुष किंवा नुसती मनुष्याकृती. विचारले तर उत्तर मिळते, ‘तो वीर आहे.’ वीर म्हणजे घराण्यातला कुणीतरी, लढाईत पडलेला, वाघाने मारलेला, लग्नाआधी गेलेला. दिवाळी-दसऱ्याला चिंच-राखेने घासून, सणासुदीला हळद-कुंकू लावून शंभर-दीडशे वर्षांत नाक-डोळे पुसून गेलेले असतात. अंगठ्याखाली नुसता उंचवटा लागतो. नाव तर केव्हाच गेले, आता चेहराही गेला, पण निवद चुकलेला नाही. कुळधर्माला आणि लग्नाच्या गोंधळाला त्याला देवांच्या ओळीतच जागा असते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात खीर, वडे, कढी, गवारीची भाजी करून माळवदावर घास ठेवला जातो, तोही त्याच्यापर्यंत पोचतो असे घर धरून चालते.

या सगळ्यात बायका कुठे आहेत? विरासतीच्या कागदात त्या विधवा म्हणून येतात, तेवढेच. श्राद्धविधी या बाबतीत कागदापेक्षा उदार आहे, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. पार्वण श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावे असतात. मातामहाच्या बाजूच्या तीन पिढ्या असतात. महालयात तर यादी लांबत जाते: पत्नी, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, शिष्य, आप्त. वंशवृक्षाच्या चित्रात ज्यांना फांदी मिळाली नाही, त्यांना इथे तीळ-पाणी मिळते. बायकांनी आपला इतिहास आपणच राखला तो जात्यावर. ओवीत माहेरचे गाव येते, भाऊ येतो, आईचे कष्ट येतात. पतीच्या पणजोबाशी ओवीला काही देणेघेणे नसते. एकाच घराच्या या दोन वंशावळी होत्या: एक बापाकडून मुलाकडे उतरणारी, दुसरी दर पिढीला वेगळ्या गावाहून लग्न होऊन येणारी. दुसरी कुणी लिहिली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या लाखावर गेल्या. किती मोठा इतिहास दळणाबरोबर पीठ होऊन गेला, याचा अंदाज त्यावरून येतो.

आता मूळ प्रश्न: लागणे म्हणजे काय? योगायोगाची गोष्ट अशी की याची दोन टोकांची उत्तरे निलंग्याच्या शेजारच्या एकाच गावात दिली गेली. ते गाव कल्याणी, आजचे बसवकल्याण. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास, विज्ञानेश्वराने तिथे मिताक्षरा लिहिली. सपिंड शब्दातला पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा, असा अर्थ बंगालच्या जीमूतवाहनाने धरला. विज्ञानेश्वराने तो नाकारून पिंड म्हणजे शरीर असे म्हटले. बापाच्या आणि आईच्या शरीराचे अंश मुलात येतात, म्हणून ते सपिंड. अंश पुढे पुढे जातच राहतात, मग जगात सगळेच एकमेकांचे सपिंड ठरतील. म्हणून बापाकडून सातव्या आणि आईकडून पाचव्या पिढीला रेष ओढायची. ही रेष निसर्गाने ओढलेली नाही, व्यवहारासाठी ओढावी लागते, ही जाणीव त्या विवेचनात आहे आणि ती फार मोलाची आहे. जवळजवळ सगळ्या भारताचा हिंदू वारसा कायदा पुढे या ग्रंथावर चालला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंडाची कल्पना राखली, रेष फक्त जवळ आणली: बापाकडून पाच, आईकडून तीन.

शरीराच्या उत्तराला धक्का देणारी गोष्ट मात्र धर्मशास्त्रानेच चालू ठेवली होती: दत्तक. दुष्काळ, पटकी आणि तापसरीच्या एकोणिसाव्या शतकात वतनदार घरांत दत्तकाची वेळ वारंवार येई. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या गोत्रातून सुटतो. त्याचा पिंड आता पाळणाऱ्या घराच्या पितरांना पोचतो. ज्याच्याशी रक्ताचा थेंब जुळत नाही असाही माणूस खापरपणजा होऊ शकतो. म्हणून जुन्या घराण्याची वंशावळ म्हणजे रक्ताचा आलेख समजणे चूक आहे. कुणी कुणाला आपले म्हटले, त्याची ती नोंद असते.

त्याच कल्याणीत, विज्ञानेश्वरानंतर काही दशकांनी, बसवण्णांनी सगळी रेषच पुसून टाकली. ते जन्माने ब्राह्मण, राजा बिज्जळाच्या पदरी अधिकारी. आपल्या वचनांत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मादार चेन्नय्याला आपला वडीलधारा म्हटले. ज्याची भक्ती आपल्यात उतरली तो पूर्वज, असा त्याचा अर्थ. लातूर-नांदेडच्या लिंगायत घरांत या विचाराची खूण अजून दिसते. मृताला बसवून समाधी देतात, तो लिंगैक्य झाला म्हणतात. जो ऐक्य पावला त्याला पिंड कुठे पोचवायचा? शेताच्या बांधाजवळ समाधीचा ओटा राहतो आणि कार्तिकात पावले कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे वळतात. प्रत्यक्षात याच घरांत वीराचा टाक किंवा पितरांचा निवदही कधी कधी आढळतो. माणसे सिद्धान्ताइतकी काटेकोर नसतात.

नकाराचे आवाज आणखीही आहेत. चार्वाकांचा सवाल प्रसिद्ध आहे: इथे वाढलेले जेवण मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी, घरी कुणाला तरी जेवू घालावे. 1875 मध्ये मुंबईत स्थापन झालेला आर्यसमाज निजामी मराठवाड्यात चांगला रुजला. उदगीरचे भाई श्यामलाल आणि भाई बन्सीलाल हे त्यातले मोठे कार्यकर्ते. त्याचे संस्थापक दयानंद यांच्या मते श्राद्ध आणि तर्पण जिवंत आईबापांचे करायचे असते, श्रद्धेने त्यांना तृप्त ठेवणे हाच त्याचा अर्थ. सर्वांत कठोर आणि सर्वांत समजण्यासारखा नकार 1956 चा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध न करण्याची आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या व्यवस्थेने तुमच्या आज्या-पणज्यांना माणूस म्हणून नोंदवले नाही, तिच्याच विधीने त्यांचे स्मरण का करायचे, हा त्यामागचा प्रश्न पितरांच्या अनादरातून आलेला नाही.

गोदाकाठची परंपरा या वादाला एका कथेने उत्तर देते. पैठणला एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने वाटेवरची महार माणसे थबकली, आणि नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढले. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत. तेव्हा पाने मांडली गेली आणि पितर स्वतः येऊन जेवले. कथेचा रोख चमत्कारापेक्षा पितरांच्या पसंतीवर आहे: ज्या घरात भुकेला आधी जेवतो तिथे यायला त्यांना हरकत नसते.

एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या खेड्यांत, शेतकरी कुटुंबे आपला इतिहास बायबलमध्ये लिहीत होती. जुना आणि नवा करार यांच्यामध्ये काही पाने त्यासाठीच कोरी ठेवलेली असत. त्यांवर जन्म, लग्न, मृत्यू टिपले जात, आणि कुटुंब पश्चिमेकडे सरकले की बायबल गाडीतून सोबत जाई. अशाच वातावरणात न्यूयॉर्क राज्यात 1830 मध्ये जोसेफ स्मिथने मॉर्मन पंथ स्थापला. मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घेतला तर त्यांनाही उद्धाराची वाट मोकळी होते, अशी शिकवण तिथे 1840 पासून रुजली. त्यासाठी पूर्वजाचे नाव कळणे अटळ होते, म्हणून 1894 मध्ये युटात वंशावळी शोधणारी संस्था उभी राहिली आणि 1938 पासून तिने जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. मृतांसाठी जिवंताने काही करायचे, ही कल्पना श्राद्धाच्या अगदी जवळची आहे. फरक नावाचा आहे. तिथे नाव सापडेपर्यंत पूर्वज दाराबाहेर थांबतो. इथे विधीने धरूनच ठेवले आहे की नाव विसरले जाणार, आणि विसरलेल्याचा वाटा हातावर आधीच राखून ठेवला आहे. दोहोंतली ही दुसरी समजूत अधिक दयाळू आहे, पण तिची किंमत आपण मोजली आहे: शोधायची गरजच न उरल्याने शोधण्याची सवयही लागली नाही.

सवय लागली ती सरकारी कागदामुळे, आणि अगदी अलीकडे. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. खासरा पत्रक, जुने सातबारा, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची गावनोंद यांतून आज्या-पणज्यांची नावे शोधली जाऊ लागली. 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेली न्या. संदीप शिंदे समिती निजामकालीन कुणबी नोंदी तपासू लागली, आणि मोडी वाचणाऱ्याला तालुक्याच्या गावी एकाएकी मान आला. ज्यांना भात पुसून निरोप दिला होता, ते लेपभागी दाखल्यासाठी परत हवे झाले. या शोधात स्वार्थ आहे असे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. विरासतीच्या वंशावळीही हक्कासाठीच लिहिल्या गेल्या होत्या, आणि आता त्या वतन नसलेल्यांच्याही निघत आहेत. खंत एवढीच की नोंद सापडली की शोध थांबतो. ‘कुणबी’ हा शब्द हाती लागतो आणि त्याच ओळीत लिहिलेल्या माणसाचे गाव, त्याचे शेत, त्याच्या भावाचे नाव वाचायचे राहून जाते.

आणि काही माणसे कोणत्याच ओळीत नाहीत. शके 1798-99, धाता आणि ईश्वर या संवत्सरांत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. पुढे 1899-1900 मध्येही पडला. हैदराबाद संस्थानाची पहिली खानेसुमारी 1881 ची. 1891 मध्ये तिथे सुमारे 1 कोटी 15 लाख लोक होते, 1901 मध्ये सुमारे 1 कोटी 11 लाख भरले. दहा वर्षांत वाढ व्हायची तिथे चार लाखांची तूट आली. त्यात अख्खी घरे गेली. त्यांना वारस नाही, म्हणून विरासत नाही. क्षेत्राच्या वहीत पुढचे पान नाही. देवघर उरले नाही, म्हणून टाकही नाही.

त्यांच्यासाठी तर्पणात एक कृती आहे. सगळ्यांना पाणी देऊन झाल्यावर, नदीतून बाहेर आलेला माणूस नेसलेल्या ओल्या धोतराचा सोगा काठावर पिळतो. आमच्या कुळात जन्मून जे निपुत्रिक गेले, त्यांनी हे वस्त्र पिळलेले पाणी घ्यावे, अशा अर्थाचा मंत्र म्हणतो. नांदेडला गोदावरीच्या घाटावर पितृपक्षात सकाळी ही माणसे दिसतात. पाणी पायरीवर पडते, खालच्या पायरीवर ओघळते आणि नदीला मिळते.